पहिलं वाद्य निवडताना: ऐकण्यापासून पहिल्या बारा आठवड्यांपर्यंत

हौसेने आणलेलं वाद्य काही महिन्यांत कपाटावर जाऊन बसतं, तेव्हा कारण बहुतेकदा साधं असतं. वाजवायला बसण्याआधी रोज दहा मिनिटं जुळवाजुळव करावी लागते. वाद्य हाताला मोठं पडतं. शेजाऱ्यांच्या धास्तीने मोकळेपणी वाजवता येत नाही. कधी वाद्यच इतकं सदोष असतं की बोट बरोबर ठेवूनही सूर हलका-चढा येतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्याच कानात खोट आहे. यातल्या एकाही अडचणीचा प्रतिभेशी संबंध नाही, आणि प्रत्येक अडचण निवडीच्या वेळीच ओळखता येते. म्हणून इथे प्रत्येक वाद्याला आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोत: हे तुमच्या घरात, तुमच्या हातात रोज वीस मिनिटं वाजेल का?

‘सर्वांत सोपं वाद्य कोणतं’ याचं सरळ उत्तर देता येत नाही, कारण प्रत्येक वाद्याची चढण वेगळ्या ठिकाणी लागते. कीबोर्डवर पहिला सूर पहिल्याच दिवशी स्वच्छ येतो. दोन हातांनी दोन वेगळ्या गोष्टी वाजवायची वेळ आली की अडतं. व्हायोलिनवर न खरखरता सरळ गज ओढणं हेच कित्येक आठवड्यांचं काम असतं, पण ते साधलं की मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) घेणारा हात तयार होऊ लागतो. युकुलेलेवर पहिल्या आठवड्यात एखादं गाणं उभं राहतं. बासरीतून पहिला धड सूर निघायलाच काही दिवस जातात. चढण सुरुवातीला चालेल की नंतर, हे स्वभावावर अवलंबून आहे. लहान मुलांना आणि दिवसाकाठी जेमतेम वेळ मिळणाऱ्यांना मात्र पहिल्या महिन्यात काहीतरी ओळखीचं वाजवता आलंच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

पहिली पायरी: दोन आठवडे फक्त ऐका

आवडती दहा-बारा गाणी किंवा रचना निवडा आणि हेडफोन लावून ऐका. प्रत्येक वेळी कान कशामागे जातो ते टिपून ठेवा: गायकाच्या आवाजामागे, मधल्या संगीतातल्या एखाद्या वाद्यामागे की ठेक्यामागे. हात कुठे जातो तेही पाहा. आपसूक मांडीवर ताल धरला जात असेल तर तबला, ढोलकी, काहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी), ड्रम यांचा विचार आधी करा. ओठांवर सुरावट येत असेल तर बासरी, व्हायोलिन, हार्मोनियम, कीबोर्ड.

दुसऱ्या आठवड्यात त्याच वाद्याचं एकल वादन ऐका, सलग वीस मिनिटं, गाणं नाही आणि वाद्यवृंदही नाही. ही चाचणी फार उपयोगी पडते. गाण्यातला गिटारचा तुकडा चार सेकंद सुंदर वाटतो. एकटी गिटार वीस मिनिटं ऐकताना लक्ष भरकटत असेल, तर कदाचित तुम्हाला ते गाणं आवडतं, वाद्य तितकं नाही. सुरुवातीचे निदान सहा महिने तुमच्या खोलीत तो एकच आवाज असणार आहे. त्या वाद्यावर नवशिके काय वाजवतात तेही शोधून ऐका. पहिल्या वर्षाअखेर आपण साधारण कुठे असू याचा अंदाज त्यातून येतो, आणि अपेक्षा जमिनीवर राहतात.

दुसरी पायरी: वाद्याचं काम ठरवा

सुरावट वाजवणं, गाण्याला साथ करणं आणि ताल धरणं ही तीन वेगळी कामं आहेत. गिटार आणि युकुलेले सुरुवातीला मुख्यतः कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची, साथ देतात. स्वतः गात वाजवणाऱ्यांसाठी ती उत्तम. बासरी वाजवताना गाता येणार नाही, हे उघड आहे; तरी गायची आवड असलेले अनेकजण हा विचार न करता बासरी घेतात. तबला एकट्याने शिकता येतो, पण त्याला लेहऱ्याची, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणाऱ्या सुरावटीची, सोबत लागते. हल्ली तानपुरा, लेहरा आणि मेट्रोनोम (ठरलेल्या गतीचे ठोके देणारं साधन) तिन्ही मोबाईलवर मिळतात, त्यामुळे ही अडचण मोठी उरलेली नाही.

गाणार असाल तर स्वतःची पट्टी, म्हणजे तुमचा सा कोणत्या सुरावर बसतो ते, आधी समजून घ्या. पट्टीची नावं सप्तकातल्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या क्रमांकावरून येतात. पुरुषांचा आवाज बरेचदा पांढरी एक ते पांढरी दोनच्या आसपास बसतो, स्त्रियांचा काळी चार-काळी पाचच्या आसपास. अर्थात प्रत्येकाचा आवाज वेगळा. पट्टी बदलायची सोय वाद्यावाद्यात निराळी असते. कीबोर्डवर सगळे सूर एकदम सरकवणारं ट्रान्सपोज बटण असतं, गिटारवर कॅपो (मानेवर लावायचा चिमटा) लावता येतो. साध्या हार्मोनियमवर पट्टी बदलली की बोटांची मांडणी बदलते. बासरीची पट्टी बांबूच्या लांबीने आणि भोकांच्या जागेने कायमची ठरलेली असते. तबल्याचा सूर हातोडीने थोडाफार वर-खाली करता येतो, पण एखाद्या स्वरापलीकडे ओढायला गेलात तर पुडीवर (तोंडावरच्या चामड्यावर) फाजील ताण येतो किंवा नाद मरतो.

तिसरी पायरी: घर आणि आवाज

तुमच्या सरावाची खरी वेळ कोणती ते आधी ठरवा. रात्री दहानंतर किंवा पहाटे सहालाच मोकळीक मिळत असेल, तर हेडफोन लावता येणारं वाद्य घ्या: डिजिटल पियानो, कीबोर्ड किंवा इलेक्ट्रिक गिटार. इलेक्ट्रॉनिक ड्रम ‘शांत’ म्हणून विकले जातात, पण बास ड्रमच्या पेडलचा दणका फरशीतून खालच्या मजल्यावर जातो. जाड रबरी मॅट घातल्याने तो कमी होतो, थांबत नाही. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन बंद खोलीतही फार मोठे वाजतात. व्हायोलिनला तारांखालच्या घोडीवर बसणारा रबरी म्यूट (आवाज दाबणारा तुकडा) मिळतो आणि त्याने आवाज बराच खाली येतो.

कानांचंही पाहा. ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, अशी कामाच्या जागांसाठीची एक प्रचलित मर्यादा आहे. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास. व्हायोलिन डाव्या कानाशी, तर ड्रम आणि पितळी वाद्यं लहान खोलीत ही पातळी सहज गाठतात. त्यांच्यासाठी वादकांचे इअरप्लग पहिल्या दिवसापासून हवेत.

जागेचा हिशेब मोजपट्टीने करा. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड साधारण ९५ सेंटिमीटर लांब असतो. ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो १३० ते १४० सेंटिमीटर. ड्रमसेटला वादकासकट दीड ते दोन मीटरचा चौक लागतो. वाद्य कायम बाहेर, हाताशी राहील अशी जागा मिळाली पाहिजे. पेटीतून काढा, स्टँड उभा करा, वायर जोडा, यात पाच मिनिटं गेली की थकलेल्या दिवशी सराव बुडतो. ज्या वाद्याला अशी जागा देता येत नाही, ते यादीतून आत्ताच काढून टाका. आमच्या मते संपूर्ण निवडीत हा निकष सर्वांत कमी वापरला जातो आणि सर्वांत जास्त काम करतो.

चौथी पायरी: शरीर आणि वय

व्हायोलिन मापाने घ्यायचं असतं. डावा हात खांद्याच्या उंचीवर सरळ पसरा आणि मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत मोजा. साधारण ५९ सेंमी किंवा जास्त भरलं तर पूर्ण माप (४/४), ५६ च्या आसपास ३/४, ५१ ला १/२ आणि ४७ ला १/४. दोन मापांच्या मध्ये असाल तर लहान घ्या. ‘मूल वाढेलच’ म्हणून मोठं घेतलं की मनगट आत वळतं, खांदा वर चढतो आणि ती सवय मोडायला नंतर वर्ष लागतं. गिटारचंही तेच: ६ ते ८ वर्षांच्या मुलांना बहुधा अर्धं माप बसतं, ८ ते ११ ला ३/४. हे आकडे अंदाजाचे. मूल बसल्या बसल्या पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या कडांपैकी पहिलीपाशी) बोट ठेवताना खांदा न ओढता पोहोचतं का, हे डोळ्यांनी पाहा.

फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांना आणि सॅक्सोफोनला पुढचे कायमचे दात आलेले हवेत, म्हणून ती साधारण आठ-नऊ वर्षांनंतर. दातांना तारा असतील तर ट्रम्पेट ओठांना टोचतो. आधी दंतवैद्यांना विचारा. त्याआधीच्या वयात रेकॉर्डर चांगला. तो घेताना बरोक बोटपद्धतीचा घ्या; जर्मन पद्धतीत पहिले काही स्वर सोपे जातात, पण पुढचे अर्धस्वर नीट सुरात येत नाहीत.

डावखुऱ्यांना कीबोर्डवर काहीच बदलावं लागत नाही. तबल्यात तबला आणि डग्गा यांची अदलाबदल करता येते, गिटार डाव्या हाताची मिळते. पण हा निर्णय पहिल्या दिवशी, शिक्षकांशी बोलून घ्या. तीन महिन्यांनी बाजू बदलणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मोठ्या वयात सुरू करणाऱ्यांनी बोटांच्या चपळाईची चिंता करू नये. मनगट, मान आणि पाठ यांची करावी. आधीच मनगट दुखत असेल तर गिटारपेक्षा कीबोर्ड सुसह्य ठरतो. गुडघ्यांमुळे मांडी घालून बसता येत नसेल तर तबला आणि हार्मोनियम टेबलावर किंवा स्टँडवर ठेवून वाजवता येतात, आणि त्यात कमीपणा नाही.

पाचवी पायरी: वाद्याआधी शिक्षक

व्हायोलिन, तबला, सतार आणि बासरी यांना पहिल्या दिवसापासून समोर बसणारे शिक्षक हवेत. या वाद्यांत हाताची ठेवण थोडी चुकली तरी सुरुवातीला आवाज निघत राहतो, त्यामुळे चूक स्वतःला कळत नाही. गती वाढवायची वेळ आली की सगळं तिथेच अडतं. कीबोर्ड, युकुलेले आणि गिटारची सुरुवात व्हिडिओवरून होऊ शकते, मात्र महिन्याभरात एकदा तरी जाणकाराला हात दाखवून घ्यावा.

वाद्य विकत घेण्याआधी शिक्षकांना चार गोष्टी विचारा. कोणती पट्टी आणि कोणतं माप घ्यावं? रागसंगीताच्या अंगाने शिकवता की कॉर्ड आणि स्टाफ नोटेशनच्या (पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीच्या)? पहिल्या तीन महिन्यांत काय होईल? तास बुडाला तर काय करता? पहिला प्रश्न बासरीसाठी फार महत्त्वाचा आहे: शिक्षकांची एका पट्टीची आणि तुमची दुसऱ्या पट्टीची असेल, तर एकत्र वाजवताच येत नाही. एखादा तास नुसता बसून पाहायची परवानगी मागा. शिक्षक वाजवून दाखवतात किती आणि विद्यार्थ्यांकडून वाजवून घेतात किती, एवढंच त्या तासात पाहा.

वाद्यांविषयी, एकेक करून

कीबोर्ड की हार्मोनियम, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. कीबोर्ड घेणार असाल तर पट्ट्या पूर्ण रुंदीच्या हव्यात. पियानोवर एका सप्तकाची रुंदी साधारण साडेसोळा सेंमी असते, तेवढी मोजून घ्या. छोट्या पट्ट्यांवर तयार झालेली बोटं मोठ्या पट्ट्यांवर अंतर चुकवतात. पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा आणि हळू दाबली की लहान आला पाहिजे. याला टच सेन्सिटिव्हिटी म्हणतात. ती नसेल तर बोटांना वजनाचं भानच येत नाही. पट्ट्या ६१ पुरेशा आहेत. पियानोच शिकायचा हे पक्कं असेल तर मात्र ८८ पट्ट्यांचा, हॅमर अॅक्शन (खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्या) असलेला डिजिटल पियानो घ्या, कारण हलक्या पट्ट्यांवर सराव केलेली बोटं खऱ्या पियानोवर दमतात. शेकडो आवाज आणि ताल दाखवणाऱ्या फलकाकडे लक्ष देऊ नका. सराव एकाच आवाजावर होतो.

हार्मोनियमचं बलस्थान गळ्याशी असलेलं नातं. भात्याने हवा भरताना सूर श्वासासारखा वाढतो आणि ओसरतो, आणि गाणारा हात हळूहळू ते शिकतो. बहुतेक पेट्या ३९ किंवा ४२ पट्ट्यांच्या असतात. नवशिक्याला दोन रीडची (हवेने वाजणाऱ्या धातूच्या पात्यांच्या दोन संचांची), म्हणजे खालच्या सुराची खर्ज आणि मधल्या सुराची नर, अशी साधी पेटी पुरते. कपलर (एका पट्टीसोबत दुसऱ्या सप्तकातला तोच सूर वाजवणारा) किंवा स्केलचेंजर (बोटांची मांडणी न बदलता पट्टी बदलणारा) यांची गरज सुरुवातीला नाही. त्या यंत्रणेने वजन आणि दुरुस्ती दोन्ही वाढतात. इथली नेहमीची चूक भात्याची: नवशिके प्रत्येक स्वराला भाता मारतात आणि आवाज धक्क्याधक्क्याने येतो. भाता सावकाश भरावा, पूर्ण रिकामा होऊ देऊ नये, आणि एकच स्वर दहा सेकंद समान आवाजात टिकवायचा सराव पहिल्या आठवड्यात करावा. हार्मोनियमच्या पट्टीवर मींड येत नाही आणि तिचे स्वर ठरलेले असतात, हे लक्षात ठेवा. म्हणून गळा घडवताना सोबत तानपुरा लावावा.

गिटारबाबत दोन निर्णय. पहिला तारांचा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारचा आवाज चमकदार, पण बोटांची टोकं दोन ते चार आठवडे दुखतात. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ असते, मात्र तिची मान रुंद असते: नटपाशी (मानेच्या डोक्याकडच्या टोकाला, जिथे तारा खाचांतून जातात) साधारण ५२ मिलिमीटर, तर अकूस्टिकची ४३ च्या आसपास. लहान हातांना ही रुंदी जाणवते. क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. त्यांचा ताण नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट असतो आणि ब्रिज (तारा अडकवलेला पोटावरचा लाकडी तुकडा) उखडतो.

दुसरा निर्णय अॅक्शनचा, म्हणजे फ्रेटपासून तारेच्या उंचीचा. बाराव्या फ्रेटवर मोजा. अकूस्टिकवर जाड ई तारेखाली साधारण २.५ मिमी आणि बारीक ई तारेखाली २ मिमीच्या आसपास हवं. क्लासिकलवर ४ आणि ३ मिमी चालतं. उंची यापेक्षा बरीच जास्त असेल तर बोटं दुखणं संपत नाही, आणि तार दाबताना ताणली जाऊन सूर चढतो. नवशिक्यांचे कॉर्ड बेसूर लागण्याचं आणखी एक कारण क्वचितच सांगितलं जातं: नटच्या खाचा उथळ असतात, त्यामुळे पहिल्याच फ्रेटवर तार फार वर राहते. जाणकार दुरुस्तीवाले त्या खाचा योग्य खोलीपर्यंत कोरून देतात. नवीन गिटार घेतली तरी हे एकदा करून घ्या. एफ बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा) जमतो की नाही हे बरंचसं यावर ठरतं. सुरुवातीला तारांचा ०.०१० किंवा ०.०११ इंचाचा हलका संच लावावा.

युकुलेले लहान हातांसाठी आणि घाईच्या दिवसांसाठी छान. चार नायलॉन तारा, जी-सी-ई-ए. सी कॉर्डला एकच बोट, ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. मोठ्यांनी २३ इंची कॉन्सर्ट आकार घ्यावा, २१ इंची सोप्रानोवर बोटं दाटतात. नवीन तारा ताणत जातात, त्यामुळे पहिले काही दिवस सूर सतत उतरतो. तो दोष नाही. रोज लावत राहा.

बासरी घेताना मोठेपणाचा मोह टाळा. गंभीर आवाजाची ई पट्टीची बासरी साधारण ३० इंच लांब असते आणि तिच्या भोकांवर नवशिक्याची बोटं पोहोचत नाहीत. शिक्षकांचा आग्रह नसेल तर मध्यम सी पट्टीपासून सुरुवात करा. हात मोठा असेल तर जी. पहिले चार-पाच दिवस एकही भोक न झाकता फक्त फुंक साधा. खालचा ओठ फुंकायच्या भोकाच्या कडेवर टेकवा आणि हवेचा बारीक झोत पलीकडच्या कडेवर आपटू द्या. आवाज टिकला की वरून एकेक भोक झाका. वरची तीन झाकल्यावर सा येतो, सहाही झाकल्यावर मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प. खालचे स्वर येत नाहीत तेव्हा नवशिके जोराने फुंकतात, पण खरं कारण बहुधा अनामिकेखालची फट असते: हवा तिथून निसटते. आरशात बघून बोटं तपासा. चक्कर आली तर थांबा, दोन मिनिटं साधा श्वास घ्या. फार जोराने आणि भराभर फुंकल्याचं ते लक्षण आहे.

तबल्यात पुडीचं तोंड जितकं लहान तितका सूर वरचा. पट्टी ठरवूनच तबला घ्या. पहिला महिना ना, तिं, ति, ट, गे, क हे बोल वेगवेगळे, सावकाश. चाटेवर (पुडीच्या बाहेरच्या कडेवर) ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या वर्तुळाच्या) कडेवर हलकी टेकलेली असते. तिथे दाब वाढला की नाद बंद होतो. डग्ग्यावर मनगटाचा सगळा भार टाकणं ही दुसरी नेहमीची चूक. बोल धड लागण्याआधी दादरा (६ मात्रा), केरवा (८) आणि तीनताल (१६) टाळी-खाली धरून तोंडाने म्हणता आले पाहिजेत. दमट हवेत पुडी सैल पडते, कोरड्या उन्हात ताणून फाटू शकते. कव्हरखाली, खिडकीपासून दूर ठेवा.

व्हायोलिनबद्दल एवढंच: रोज गज ओढायची आणि सहा महिने खरखर सोसायची तयारी, घरच्यांसकट, असेल तरच. सतार लहान मुलांचं पहिलं वाद्य म्हणून आम्ही सुचवत नाही. तिचा आकार, बैठक, मिझराबीचा (बोटात घालायच्या तारेच्या नखीचा) दाब आणि तरफांसकट (खाली गुंजणाऱ्या तारांसकट) सगळं लावणं एकदम अंगावर येतं. ड्रमसाठी आधी सरावाचा पॅड आणि काठ्यांची जोडी घ्या. तीन महिने पॅडवर टिकलात तर सेट घ्या.

सहावी पायरी: दोन वाद्यांची चाचणी

आतापर्यंत यादी दोन-तीन नावांवर आली असेल. आता विकत घेऊ नका. भाड्याने, उसनं किंवा शिक्षकांकडचं वाद्य घेऊन प्रत्येकावर दोन आठवडे घालवा. रोज पंधरा मिनिटं. कॅलेंडरवर दोनच खुणा करा: वाद्य उचललं का, आणि ठरलेल्या वेळेनंतरही वाजवत राहावंसं वाटलं का. चौदापैकी दहा दिवसांपेक्षा कमी खुणा असतील तर कारण शोधा: जागा, वेळ, दुखणं की आवाज. जागा आणि वेळ बदलता येतात. आवाजच आवडत नसेल तर दुसऱ्या वाद्याकडे वळा.

सातवी पायरी: विकत घेताना

सगळा पैसा वाद्यावर घालवू नका. साधारण पाव हिस्सा केस, स्टँड, ट्यूनर, जादा तारा आणि सुरुवातीच्या सेटिंगसाठी बाजूला ठेवा. अगदी स्वस्तातलं, खेळण्याजोगं वाद्य टाळा. ते सुरात राहत नाही आणि पुढे कोणी विकतही घेत नाही. त्याच पैशात जुनं पण चांगलं वाद्य मिळत असेल तर ते घ्या, आणि जाणकाराला सोबत न्या. कोणी नसेल तर पुढच्या चाचण्या स्वतः करा.

गिटार: मानेकडे डोक्याच्या बाजूने डोळा लावून पाहा, पिळलेली दिसली तर सोडा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मधल्या फ्रेटवर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट हवी. तार फ्रेटला चिकटली किंवा फट खूप मोठी दिसली, तर मानेतला ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी सळई) जुळवावा लागेल. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर सारखे यायला हवेत. ब्रिजच्या मागे कागदाची कडा आत सरकली तर ब्रिज सुटत चाललाय. ट्यूनर ए = ४४० हर्ट्झवर आहे ना, ते आधी बघा.

हार्मोनियम: भाता भरा, सगळे स्टॉप (समोरचे ओढायचे खुंटे) बंद करा आणि सोडा. भाता झपाट्याने बसला तर हवा गळतेय. स्टॉप उघडून, एकही पट्टी न दाबता हवा द्या. सूर आला तर एखादी पट्टी नीट बसत नाही. मग प्रत्येक पट्टी एकेक करून, आधी खर्ज, मग नर, मग दोन्ही. दोन्ही एकत्र लावल्यावर आवाजात लहरी आल्या तर त्या रीड एकमेकांशी सुरात नाहीत.

कीबोर्ड: सगळ्या पट्ट्या सारख्या दाबाने वाजवा, आवाजाची तीव्रता समान हवी. अॅडॉप्टरची पिन हलवा, बंद पडला तर जॅक सैल. बॅटरीच्या खणात पांढरी-हिरवी पावडर दिसली तर नको.

बासरी उजेडाकडे धरून चीर शोधा, मग ट्यूनर लावून मंद्र, मध्य आणि तारचा प्रत्येक स्वर वाजवून घ्या. स्वतःला जमत नसेल तर विक्रेत्याला वाजवायला सांगा, तुम्ही ट्यूनर पाहा. तबल्याच्या शाईला भेगा किंवा सुटलेले कण नकोत, खोडाला तडा नको, आणि गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) अगदी खालपर्यंत ठोकलेले नकोत: तसे असतील तर वादीत (पुडी ताणणाऱ्या चामडी पट्ट्यात) ओढच उरलेली नसते.

आठवी पायरी: पहिले बारा आठवडे

रोज वीस मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. रविवारी एकदम दोन तास बसून हे भरून निघत नाही, कारण हात झोपेच्या आणि विश्रांतीच्या मधल्या काळात शिकलेलं पक्कं करतो. पाच मिनिटं सूर लावणं आणि संथ स्वर, दहा मिनिटं नवीन पाठ, पाच मिनिटं आवडीचं काहीही. मेट्रोनोम ६० वर. चूक झाली की सुरुवातीपासून पुन्हा वाजवू नका. अडलेली दोन मात्रांची जागा वेगळी काढून निम्म्या गतीने पाच वेळा बिनचूक वाजवा, मग जोडा. सुरुवातीपासून वाजवत राहणाऱ्याची सुरुवात उत्तम होते आणि चूक तशीच राहते.

बोटांच्या टोकांची आग चालते. मुंग्या, बधिरपणा, मनगटात किंवा कोपरात कळ आली तर त्याच क्षणी थांबा, दुसऱ्या दिवशी शिक्षकांना बैठक दाखवा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रगती थांबल्यासारखी वाटते. कान हातापेक्षा लवकर तयार होतो, त्यामुळे काल न दिसलेल्या चुका आज ऐकू येऊ लागतात. यासाठी पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात तोच पाठ मोबाईलवर एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवा आणि बाराव्या आठवड्यात तिन्ही सलग ऐका.

वाद्य बदलायचा विचार त्याच वेळी करा, आधी करू नका. दुखणं किंवा माप आड येत असेल तर वाद्य किंवा त्याचा आकार बदला. तासाला जायचा कंटाळा येतो पण घरी वाजवायला आवडतं, तर शिक्षक बदला. घरी उचलावंसंच वाटत नाही, तर पहिल्या पायरीवर जाऊन पुन्हा ऐकायला बसा. तोवर शिकलेलं बरंचसं सोबत येतं: कीबोर्डवरून गिटारकडे जाणाऱ्याला कॉर्ड कसा बनतो हे आधीच ठाऊक असतं, तबल्यावरून ड्रमकडे जाणाऱ्याची मात्रा हलत नाही, आणि बासरी वाजवलेल्याला सॅक्सोफोनवर श्वास पुरवणं नव्याने शिकावं लागत नाही, फक्त ओठांची ठेवण नवी असते.